आयसीयूत फुप्फुसांवर संशोधन करणारे डॉक्टर नेमकं करतात काय?

तुमचा प्रश्न दुहेरी आहे: हे संशोधक दिवसभर काय करतात, आणि इतकी वर्षं संशोधन चालू असूनही एआरडीएसवर, म्हणजे फुप्फुसांत पाणी साचून ती अचानक निकामी होण्याच्या अवस्थेवर, औषध का निघालं नाही. मी अतिदक्षता विभागात पेशंट बघते आणि त्याच पेशंटांवर होणाऱ्या अभ्यासांचं कामही करते. म्हणून जे रोज हाताखालून जातं त्यावरूनच सांगते.

आधी आजाराबद्दल थोडं. न्यूमोनिया, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, स्वादुपिंडाचा दाह, मोठा अपघात, यांपैकी कशानंही फुप्फुसात जोराचा दाह होतो. वायुकोश आणि रक्तवाहिनी यांच्यामधला अतिशय पातळ पडदा पाझरू लागतो आणि हवेच्या जागी प्रथिनांनी भरलेलं पाणी साचतं. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या डॉक्टरांनी अशा १२ पेशंटांची हकिगत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापली. मूळ कारणं वेगवेगळी होती, फुप्फुसांची अवस्था मात्र एकसारखी. त्या १२ जणांपैकी ७ जण दगावले. एआरडीएसची गोष्ट तिथून सुरू होते.

आता काम. माझ्या सकाळचा बराच वेळ शिवणकामाच्या टेपसोबत जातो, हे ऐकून लोकांना नवल वाटतं. बेशुद्ध पेशंटची उंची मोजायची असते. गादी सपाट करायची, एकानं टाच धरायची, दुसऱ्यानं डोक्याशी टेप लावायची, नळ्या सांभाळायच्या. एवढा खटाटोप कशासाठी, तर व्हेंटिलेटरनं एका श्वासात किती हवा द्यायची हे वजनावर नाही, उंचीवर ठरतं. माणूस जाड झाला म्हणून त्याची फुप्फुसं मोठी होत नाहीत. १६० सेंटिमीटर उंचीची बाई असेल तर उंचीवरून काढलेलं, हिशेबात धरायचं वजन साधारण ५२ किलो, आणि किलोला ६ मिली या दरानं श्वास ३१४ मिलीचा. तिचं खरं वजन ८५ किलो असेल आणि कोणी तोच आकडा धरला, तर श्वास थेट ५१० मिलीचा होतो. कागदावर चूक दिसतही नाही, आणि फुप्फुस मात्र दर मिनिटाला वीस-पंचवीस वेळा ताणलं जातं.

हे ६ मिली आले कुठून? पूर्वी किलोला १० ते १५ मिली असे मोठे श्वास देत. रक्तातले वायू त्यानं छान राहत, म्हणून कोणाला शंकाही येत नव्हती. मग इटलीतले डॉक्टर लुचियानो गात्तिनोनी यांनी या पेशंटांचे सीटी स्कॅन पाहिले आणि लक्षात आलं की सगळं फुप्फुस कडक झालेलं नसतं. बराचसा भाग पाण्यानं बंद पडलेला असतो आणि हवा घेणारा भाग पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या फुप्फुसाएवढाच उरतो. मोठ्या माणसाचा श्वास त्या चिमुकल्या फुप्फुसात कोंबला, तर जे धड आहे तेच फाटणार. उंदरांवरच्या प्रयोगांत हे आधीच दिसलं होतं. प्रश्न होता माणसांत खरंच तसं होतं का.

त्याचं उत्तर २००० साली आलं. अमेरिकेतल्या एआरडीएस नेटवर्क या रुग्णालयांच्या संशोधन गटानं ८६१ पेशंटांत चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी केली: काहींना किलोला १२ मिली, काहींना ६. मोठ्या श्वासांच्या गटात ३९.८ टक्के दगावले, लहान श्वासांच्या गटात ३१ टक्के. शंभरामागे जवळजवळ नऊ माणसं जास्त वाचली, आणि तेही कुठल्याही नव्या औषधाशिवाय, मशीनचा एक आकडा खाली आणून.

पण या अभ्यासातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. पहिल्या काही दिवसांत ऑक्सिजनचं प्रमाण मोठ्या श्वासांच्या गटात जास्त चांगलं होतं! म्हणजे त्या वेळी पलंगाशेजारी उभं राहून रिपोर्ट पाहिला असता, तर कोणत्याही अनुभवी डॉक्टरनं चुकीचाच गट निवडला असता. मीही निवडला असता. मॉनिटरवरचा आकडा सुधारणं आणि माणूस जगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतला फरक एकेका पेशंटकडे पाहून कळत नाही. म्हणूनच ही वाटणी, म्हणूनच शेकडो पेशंट, म्हणूनच वर्षानुवर्षांचे तक्ते. नायट्रिक ऑक्साइड हा वायू हुंगवला की ऑक्सिजन वाढतो, जीव त्यानं वाचत नाहीत. पालथं झोपवण्याचं उलट आहे. २०१३ च्या फ्रेंच अभ्यासात गंभीर अवस्थेतल्या ४६६ पेशंटांपैकी निम्म्यांना रोज किमान १६ तास पोटावर ठेवलं, तेव्हा २८ दिवसांतले मृत्यू ३२.८ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. आणि ज्यांचा ऑक्सिजन पालथं केल्यावर फारसा वाढला नाही, त्यांनाही फायदा झाला. माणसाला पालथं करायला चार-पाच जण लागतात, डोक्याशी उभा असलेला नळी घट्ट धरून मोजणी देतो, आणि त्या अर्ध्या मिनिटात खोलीत दुसरं कोणी बोलत नाही.

संशोधनातलं सर्वांत अवघड काम मात्र घरच्यांशी बोलण्याचं. पेशंट बेशुद्ध, म्हणून संमती त्यांच्याकडून घ्यायची, आणि तीही त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट दिवशी. एका मुलीनं मला विचारलं होतं, “डॉक्टर, बाबांना खरं औषध मिळणार की खोटं?” मी म्हटलं, “मला माहीत नाही, आणि माहीत नसणं हाच या अभ्यासाचा भाग आहे. बाकीचे सगळे उपचार त्यांना मिळणारच.” तिनं सही केली नाही. तो तिचा हक्क होता, आणि बाबांच्या उपचारात त्यानं तसूभरही फरक पडला नाही.

आता औषधाचं. प्रयत्न पुष्कळ झाले. दम्याला वापरतात ते साल्ब्युटामॉल फुप्फुसातलं पाणी ओढून घ्यायला मदत करेल, असं प्रयोगशाळेत दिसत होतं. ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासात शिरेतून दिलं, तर मृत्यू वाढले: ३४ टक्के, विरुद्ध २३. अभ्यास थांबवावा लागला. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन औषधांचाही उपयोग झाला नाही. माझ्या मते मूळ अडचण नावातच आहे. एआरडीएस हा एक आजार नव्हे, अनेक वाटांनी गाठलेली एक अवस्था आहे. जुन्या अभ्यासांतली रक्ताची माहिती पुन्हा तपासली तेव्हा त्यात किमान दोन जातीचे पेशंट निघाले, काहींत दाहाचा भडका, बाकीच्यांत बराच सौम्य. सगळ्यांना एकाच पिशवीत घालून औषध दिलं, तर एकाचा फायदा दुसऱ्याच्या नुकसानीत बुडून जातो. कोविडमध्ये कारण एकच होतं आणि पेशंट हजारोंनी. तिथे डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त औषधानं व्हेंटिलेटरवरच्यांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी झाल्याचं २०२० मध्ये काही महिन्यांतच सिद्ध झालं.

आणि आहे तेवढंही ज्ञान सगळ्यांपर्यंत पोचत नाही. ५० देशांतल्या आयसीयूंची पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत एआरडीएस असलेल्या दहापैकी जेमतेम सहा जणांचा आजार डॉक्टरांनी ओळखला होता. नवं औषध शोधण्याइतकंच मला हे महत्त्वाचं वाटतं.

शेवटचं काम फोनचं. पेशंट अभ्यासात आल्यापासून नव्वदाव्या दिवशी घरी फोन करून पेशंट कसे आहेत ते विचारायचं असतं. आकडे फिरवताना अजूनही माझ्या छातीत धडधडतं, कारण पलीकडून काय ऐकू येईल सांगता येत नाही. मागे एकदा पेशंटनं स्वतःच उचलला. श्वास लागत नाही म्हणाले, झोप बरी आहे, “पण बरणीचं झाकण अजून उघडता येत नाही हो.” हे नेहमीचंच आहे. वाचलेल्यांची फुप्फुसं वर्षभरात बरीचशी भरून येतात, अशक्तपणा मात्र पाच वर्षांनीही जाणवत राहतो, असं कॅनडातल्या दीर्घ पाहणीत दिसलं. आमच्या तक्त्यात जगले की नाही एवढाच रकाना होता. झाकणाचं मी समासात लिहून ठेवलं, आणि पुढच्या अभ्यासाच्या आराखड्यात हाताच्या पकडीची मोजणी घातली आहे.