पाठमोरी उभी आहे ती कोण?

प्रश्न: ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये टर बोर्खचं एक चित्र पाहिलं, पांढऱ्या सॅटिनच्या ड्रेसमधली मुलगी, चेहरा दिसतच नाही. ती कोण? आणि गाइड म्हणाला यांचं अख्खं घरच चित्रकारांचं, खरं का?

उत्तर: ती बहुतेक त्याची सावत्र बहीण गेसिना, असं मानतात. आणि घराचं म्हणाल तर गाइड बरोबर बोलला. चित्रकार गेरार्ड टर बोर्ख १६१७ चा, गाव नेदरलँड्समधलं झ्वोल. बाबा तरुणपणी रोमला जाऊन चित्रं काढून आलेले, पण पुढे गावातच कर गोळा करायची नोकरी लागली आणि ब्रश मागे पडला (आपल्याकडेही अशी घरं कमी नाहीत), मग सगळी हौस पोरांवर. पोरांनी काही काढलं की बाबा त्यावर तारीख टाकून कागद जपून ठेवणार, त्यामुळे गेरार्डचं १६२५ चं, म्हणजे आठव्या वर्षीचं चित्रसुद्धा आज शिल्लक आहे. १६३४ मध्ये त्याने घोडेस्वार रंगवला, तोही पाठमोरा! सवय जुनीच म्हणायची.

तुम्ही पाहिलेल्या चित्राला पूर्वी 'बापाचा उपदेश' म्हणायचे, समोर बसलेला माणूस बाप वाटायचा म्हणून. आता बरेच जाणकार तो प्रियकर किंवा वेश्येकडे आलेलं गिऱ्हाईक असावा म्हणतात. खरा बापाचा उपदेश १६३५ च्या पत्रात आहे. पोरगा लंडनला काकांकडे, बाबांनी सामानासोबत लाकडी बाहुला पाठवला, म्हणजे कपडे घालून ज्याच्यावरून चित्र काढतात तो, पण स्टँड काही पेटीत मावेना, तर लिहिलं की तिकडेच करून घे, आणि इथे नुसता पडून होता तसा तिकडे पाडून ठेवू नकोस, भरपूर काढ, मोठे हलते-बोलते घोळके काढ. पोराने नेमकं उलट केलं, छोटी छोटी शांत चित्रं, एका खोलीत दोन-तीन माणसं. घोळका काढला तो स्पेन आणि डच यांच्यातल्या १६४८ च्या म्युन्स्टर तहाचा, सत्तरच्या आसपास माणसं, पण तोही जेमतेम दोन फुटी तांब्याच्या पत्र्यावर!

गेसिना नुसती मॉडेल नव्हती बरं का, तिने स्वतः चित्रांचे आल्बम केले. हार्मन आणि मोझेस हे भाऊही काढायचे, मला विचाराल तर मोझेसचा हात फार भारी. तो डच आरमारात गेला आणि १६६७ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या हल्ल्यात २२ व्या वर्षी मारला गेला. त्याचं स्मृतिचित्र गेरार्ड आणि गेसिनाने मिळून रंगवलं, त्यात मात्र चेहरा सरळ आपल्याकडे आहे.