रेझिलियन्स म्हणजे लवचिकता? मला नाही पटत

प्रश्न असा आलाय की पॉझिटिव्ह सायकॉलॉजीवरच्या एका ट्रेनिंगचा मजकूर मराठीत करायचाय, त्यात रेझिलियन्स, होप, ग्रॅटिट्यूड, एम्पथी, माइंडफुलनेस हे शब्द पानोपानी आहेत, तर रेझिलियन्सला 'लवचिकता' चालेल का, आणि दर ओळीत 'सकारात्मक' लिहून वैताग आलाय त्याला काही उपाय आहे का.

लवचिकता आधी घेऊ. शब्द चांगला आहे पण जागा चुकलीय. मूळ वाक्य असं समजा की एका बाईची नोकरी गेली, घरातलं माणूस गेलं आणि तरी वर्षभरात ती पुन्हा कामाला लागली. ह्याचं मराठी 'तिने उल्लेखनीय लवचिकता दाखवली' असं केलं तर वाचणाऱ्याला ती योगासनं करत होती असं वाटेल. लवचीक म्हणजे वाकणारं, मग ती वेताची छडी असो नाहीतर धोरण. रेझिलियन्सचं लॅटिन मूळ 'उसळून मागे येणे' असं आहे, म्हणजे सगळा जोर वाकण्यानंतर जे होतं त्याच्यावर. काहीजण शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातलं 'स्थितिस्थापकत्व' काढून आणतात, अर्थाने ते जास्त जवळचं आहे, पण स्प्रिंग पहिल्या जागी येते तसा माणूस येतो थोडाच, आणि एवढा जोडशब्द कोणी तोंडाने म्हणणार नाही.

आपल्याकडे ह्यासाठी नाम शोधत बसण्यापेक्षा क्रियापदं बघा, ढिगाने सापडतील. ती सावरली. तिने तग धरला. ती खचली नाही. तिने पुन्हा उभारी धरली. ह्यातलं एकही वाक्य भाषांतर वाटत नाही. नामच हवं असेल, समजा धड्याचं नाव द्यायचंय, तर 'उभारी' घ्या, त्यात पडून परत उभं राहणं आपोआप येतं. 'चिवटपणा' नको, त्यात थोडा वैताग मिसळलेला असतो (चिवट माणूस कोणाला आवडतो?). आणि 'चिकाटी' ग्रिटसाठी राखून ठेवा, अँजेला डकवर्थ ह्या मानसशास्त्रज्ञ बाई वगैरेंनी 2007 मध्ये ग्रिटची जी व्याख्या केली, लांबच्या ध्येयाची ओढ आणि त्यामागे लागून राहणं, तिला चिकाटी बरीच फिट बसते.

होपला तर सगळे डोळे झाकून 'आशा' लिहितात. पण मराठीत आशा जरा बिचारी आहे हो. वेडी आशा, खोटी आशा, आशेला लावणं, आशाळभूत नजर... बसून वाट बघणाऱ्याचा शब्द. आता चार्ल्स स्नायडर ह्या मानसशास्त्रज्ञाने 1991 मध्ये होपची जी मांडणी केली त्यात दोन गोष्टी आहेत, ध्येयाकडे जाण्याची धमक आणि तिथे जायचे मार्ग सुचणं. ह्यात बसून राहणं कुठेच नाही. इथे मला 'उमेद' आवडतो. फारसीत ह्याचा अर्थ आशाच, पण मराठीत आल्यावर त्यात जोर भरला, उमेदीची वर्षं म्हणजे आशेची वर्षं नव्हेत, अंगात रग असलेली वर्षं. उमेदवारी करणं म्हणजे तर चक्क हाताखाली राहून काम शिकणं. अर्थात 'मार्ग सुचणं' हा भाग उमेदीतही येत नाही, तो एका वाक्यात वेगळा सांगा. ऑप्टिमिझमला 'आशावाद' रुळलाय तो राहू दे, फक्त 'वाद' आला की साम्यवादासारखी विचारसरणी वाटते. इंग्रजीतही तो शब्द आधी तत्त्वज्ञानातलाच होता, लायब्निझ ह्या तत्त्वज्ञाचं 'हे जग शक्य त्या सगळ्यांत उत्तम आहे' असं म्हणणं होतं त्यावरून 18व्या शतकात तो आला, त्यामुळे 'वाद' अगदीच गैर नाही.

ग्रॅटिट्यूडला कृतज्ञता, काही वाद नाही. फक्त टाइप करताना जपा, कृतज्ञ म्हणजे केलेलं जाणणारा आणि कृतघ्न म्हणजे केलेलं मारून टाकणारा (शत्रुघ्न मधला तोच घ्न), आणि मी 'आम्ही आपले कृतघ्न आहोत' असं आभाराचं पत्र स्वतः वाचलंय. बोलीत 'जाण' आहेच, 'त्याला जाण आहे' एवढं म्हटलं तरी कळतं.

एम्पथी म्हणजे दुसऱ्याला काय वाटतंय ते आपल्यालाही जाणवणं, तिला सहानुभूती का नको? शब्दाची घडण बघितली, सह अधिक अनुभूती, तर तोच बरोबर ठरायला हवा होता. पण वापरून वापरून त्यात कीव शिरली, 'मला तुमची सहानुभूती नको' असं लोक चिडून म्हणतात. म्हणून समानुभूती किंवा परानुभूती असे शब्द करावे लागले. ते बनवलेले वाटतात अशी तक्रार असते, पण एम्पथी तरी कुठे जुना आहे, एडवर्ड टिचनर ह्या मानसशास्त्रज्ञाने 1909 मध्ये एका जर्मन शब्दासाठी तो ग्रीकवरून बनवला. मी समानुभूती वापरतो.

आता 'सकारात्मक'. आपली खरी जोडी होकार आणि नकार, व्याकरणातही होकारार्थी वाक्य म्हणतो, सकार म्हटलं तर स हे अक्षर. पण आता तो इतका पसरलाय की भांडून उपयोग नाही. माझी अडचण वेगळी आहे. मार्टिन सेलिगमनने 1998 मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचा अध्यक्ष असताना पॉझिटिव्ह सायकॉलॉजी ही शाखा पुढे आणली तेव्हा मुद्दा असा होता की मानसशास्त्र आजारांच्याच मागे लागलंय, माणसाचं काय नीट चालतं तेही अभ्यासूया. 'सकारात्मक मानसशास्त्र' वाचून मात्र लोकांना वाटतं 'चांगला विचार करा, सगळं चांगलं होईल'. तेव्हा शाखेच्या नावात सकारात्मक ठेवा, पहिल्याच पानावर हा खुलासा करा, आणि बाकी ठिकाणी जे आहे ते लिहा: आनंदी, हौशी, समाधानी, उत्साही. सकारात्मक भावना म्हणजे नेमकी कुठली ते लिहिणाऱ्याने सांगायला नको का? अ‍ॅटिट्यूडला दृष्टिकोन किंवा वृत्ती लिहा, अ‍ॅटिट्यूड तसाच ठेवू नका, मराठीत 'तिला फार अ‍ॅटिट्यूड आहे' म्हणजे शिष्ट आहे.

राहिला माइंडफुलनेस, म्हणजे आत्ता जे चाललंय त्याकडे नीट लक्ष असणं. मूळ पाली शब्द 'सती', संस्कृत स्मृती, त्याला ऱ्हिस डेव्हिड्स ह्या पालीच्या अभ्यासकाने 1881 मध्ये हे इंग्रजी वापरलं. 'सती' मराठीत घेता येणार नाही ते उघड आहे. 'भान' मला फार आवडतो, पण तुमच्या मजकुरात चिकसेंटमिहाय ह्या मानसशास्त्रज्ञाचा फ्लोसुद्धा असणार, कामात रंगून वेळ कळत नाही ती अवस्था, आणि तिला आपण म्हणतो भान हरपणं. म्हणून माइंडफुलनेसला सजगता, फ्लोला तल्लीनता, आणि भान दोन्हीकडे टाळा, नाहीतर पान 12 वर ठेवायचं आणि पान 13 वर हरपायचं अशी वाचणाऱ्याची पंचाईत होईल.