मला धंदा करायचा नाही, तरी उद्योजकासारखा विचार करून रोजच्या जगण्यात काही फायदा होतो का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की तुम्ही संभाजीनगरला कंपनीत नोकरीला आहात, धंदा कधी करणार नाही, पण कंपनीनं एक स्पीकर आणला होता आणि त्यानं दोन तास 'एंटरप्रेन्युअर माइंडसेट'चं लेक्चर दिलं. म्हणून विचारताय की यात काही दम आहे का नुसतं खूळ आहे.

दम आहे. पण त्या स्पीकरनं सांगितलं असेल त्यात नसणार. आता हे उत्तर लांबणार हे आधीच सांगते, कारण हा विषय आमच्या घरात बारा वर्षं चाललाय आणि प्रत्येक दिवाळीला निघतोच.

मी लातूरची. 2013 पासून पोरांचे डबे करते, उद्योग भवनाच्या मागं, म्हणजे क्लासेसचा सगळा एरिया. लातूर पॅटर्न काय ते सांगत बसत नाही. मिस्टर एका शाळेत क्लार्क आहेत. माझे मोठे दीर, आम्ही त्यांना दादा म्हणतो, त्यांचं ठरलेलं वाक्य आहे, "डबे करणं म्हणजे बाईमाणसाचं काम, त्याला काय बिझनेस म्हणायलाव." पाहुण्यांसमोर म्हणतात, हसत हसत म्हणतात, म्हणून उलट बोलता पण येत नाही.

तर 2016. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, जलदूत म्हणून, पहिली खेप 10 वॅगनची, 5 लाख लिटर, ते सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं. त्याच्या आधीचं कुणी बघितलं नाही. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलेलं, नळाची तोटी आम्ही विसरूनच गेलो होतो, पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होतात म्हणून मार्चमध्ये 144 कलम लावलेलं. आणि माझ्याकडं 62 पोरं. बीडची, परभणीची, नांदेडची, उदगीर-अहमदपूरकडची. 5 मे ला सीईटी, त्यात मध्येच मेडिकलला नीट परीक्षा द्यावी लागणार हे सुप्रीम कोर्टाचं आलं, पोरांना कळेना सीईटी द्यायची का नीट द्यायची, ती गावाकडं जातील कशी. आसपासच्या तीन मेस बंद झाल्या. मी पण बंदच करणार होते, खरं सांगते, मिस्टरांना म्हटलं पण होतं की जूनपर्यंत सुट्टी घेते.

त्याच दिवशी रात्री का कोण जाणे, मी एक लिटरचा तांब्या घेतला आणि मोजायला बसले.

घरात 2000 लिटरची टाकी आणि 200-200 चे दोन बॅरल, म्हणजे भरलं तर 2400. प्रायव्हेट टँकर पैसे दिले तरी सहा-सहा दिवस यायचा नाही. म्हणजे दिवसाला 400 च्या वर जायचं नाही. स्वयंपाकाला लागायचं 140, आमच्या घराला सगळं धरून 90. उरले 170. आता डबे धुवायला किती लागतं ते मोजलं तर डोकंच फिरलं. चार पुडाचा डबा, त्यात एका पुडात तर्रीची भाजी, घासून खळबळून एका डब्याला 3 लिटर. सकाळ-संध्याकाळ मिळून 124 डबे. 372 लिटर. म्हणजे पोरं जेवढ्या पाण्याचं खायली त्याच्या अडीच पटीहून जास्त मी डबे धुण्यात घालवायली होते आणि तीन वर्षं मला त्याचा पत्ता नव्हता!

पहिला उपाय केला तो साफ फसला. पोरांना म्हटलं डबे रूमवर धुवून आणा, महिन्याला 50 रुपये कमी घेते. त्यांच्या रूमवर तर माझ्यापेक्षा कमी पाणी. डबे आले ते वाळलेलं वरण चिकटून, उन्हात दिवसभर बंद, झाकण उघडलं की वास. ते धुवायला 3 च्या जागी 4 लिटर लागायला लागलं. चार दिवसांत तो नियम गुंडाळला. पन्नास रुपये मात्र पोरांनी त्या महिन्याचे कापून घेतलेच.

मग सासूबाईंनी तोंड उघडलं. औशाकडच्या खेड्यातल्या आहेत, 72 चा दुष्काळ बघितलेल्या. म्हणाल्या, "अगं राखेनं अन् कोंड्यानं कोरडा घास की आधी, पाणी शेवटाला लागतंय." गिरणीवरनं कोंडा आणला, राख चाळून घेतली, तेलकटपणा कोरडाच निघाला, मग एकदा गरम पाण्यात बुचकळून एकदा साध्या पाण्यात. 3 चे 2 लिटर झाले. तरी 248 होतात. 170 मध्ये बसत नाही.

म्हणजे आता धुण्यातून काही निघणार नव्हतं, डब्यात काय घालायचं तेच बदलायला पाहिजे होतं. सकाळचा डबा कोरडा करायचा. ज्वारीचे धपाटे, शेंगदाण्याची चटणी, कांदा, एखाद दिवशी झुणका-भाकर. दोनच पुडं, तेलाची तर्री नाही, पाऊण लिटरात डबा लख्ख. पण पोरांचे आईबाप पैसे देतात ते वरण-भात-भाजी-पोळीचे. पोरं सोडून गेली तर?

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणाल तर इथं आहे. मी 62 जणांचा डबा बदलला नाही. दहा जणांचा बदलला. वहीत लिहून ठेवलं, महिन्याला 1700 प्रमाणे दहाही गेले तर 17000 जातील, तरी किराणा आणि दोन्ही कामाच्या बायकांचा पगार निघतोय, माझे स्वतःचे हातात पडायचे ते कमी पडतील, महिनाभर चालतंय. एवढं गेलं तर रडायचं नाही असं आधीच ठरवलं आणि मग केलं. दोन पोरं गेली. आठ राहिली, आणि परभणीचं एक पोरगं म्हणालं, "काकू, हे घरच्यासारखं लागायलंय, रोज हेच द्या." पंधरा दिवसांत सगळे सकाळचे डबे कोरडे केले. उरलेल्या 60 पोरांचे सकाळचे 45 लिटर, संध्याकाळचे 120. 170 मध्ये बसलं.

सीईटी झाली, पोरं एसटीनं गावाकडं निघाली तर जाताना पन्नास-पन्नास धपाटे बांधून मागायला लागली. तिथून पाकिटं सुरू झाली. खायचं विकायला लागतं ते एफएसएसएआयचं बेसिक रजिस्ट्रेशन काढलं, तेव्हा वर्षाला 100 रुपये फी होती, 12 लाखांच्या आत उलाढाल असली की तेवढंच लागायचं, लोक उगं घाबरतात त्याला. आज महिन्याला 30 किलो चटणी जाते, धपाटे वेगळे. त्याच वर्षी सप्टेंबरात पाऊस असा आला की पूर बघायला लोक पुलावर गेले, पण सकाळचा कोरडा डबा तो तसाच राहिला.

तुम्ही म्हणाल हा तर धंदाच झाला, मी नोकरीवाला. थांबा. आमच्या मिस्टरांनी जन्मात धंदा केला नाही, भाजीवाल्याशी भाव करायला लाजतात. त्या उन्हाळ्यात त्यांनी काय केलं, 5000 लिटरचा टँकर एका घराच्या टाकीत मावत नाही म्हणून टँकरवाला आमच्याकडं यायला बघत नाही हे त्यांच्या लक्षात आलं, मग आमच्यासकट तीन घरं एकत्र केली, एकच फोन, एकच वेळ, पैसे आधी गोळा करून हातात. टँकर सहाव्या दिवशी यायचा तो पाचव्या दिवशी यायला लागला, कारण त्याला आमच्या गल्लीत थांबून वाट बघावी लागत नव्हती. दुसऱ्याची अडचण काय आहे ते बघून आपली सोडवली. ह्याला काय म्हणायचं ते त्या स्पीकरला विचारा. बॅरल कुणाचा किती भरला यावरून शेजारच्या वहिनी अजून त्यांच्याशी धड बोलत नाहीत ती गोष्ट वेगळी.

आमच्या घरात आता 'दहा डबे' हा शब्दच झालाय. पोरीला बारावीनंतर लाखभर रुपये फीचा ऑनलाइन कोर्स करायचा होता, बाप म्हणाला आधी दहा डबे कर. तिनं महिनाभर फुकटातले व्हिडिओ बघून तेच शिकायचा प्रयत्न केला, तिसऱ्या आठवड्यात कंटाळली. लाख वाचले. तुम्हाला ऑफिसात, घरात, बदली घ्यायची का नाही यात, गावाकडची दोन एकर बटईनं द्यायची का यात, सगळीकडं हे लागू पडतंय. काय मोजलेलं नाही ते मोजायचं, किती गेलं तर चालेल ते आधी ठरवायचं, आणि तेवढ्यापुरतंच करून बघायचं.

ती पोरगी आता पुण्यात एमबीए करायली. तिनं सांगितलं की सरस सरस्वती म्हणून अमेरिकेत शिकवणाऱ्या प्राध्यापक आहेत, त्यांनी जुन्या मुरलेल्या उद्योजकांचा अभ्यास करून 2001 मध्ये हेच मांडलं, की ही माणसं फायदा किती होईल यापेक्षा नुकसान किती परवडेल ते आधी बघतात. मला वहीतले 17000 आठवले. दुसरं तिनं वाचून दाखवलं ते आफ्रिकेतल्या टोगो देशातलं, 2017 मध्ये छापून आलेलं. 1500 लहान धंदेवाले घेतले, एका गटाला हिशोब-मार्केटिंगचं नेहमीचं ट्रेनिंग, दुसऱ्याला स्वतःहून पुढाकार कसा घ्यायचा, अडचण आली तर काय करायचं ह्याचं, आणि तिसऱ्याला काहीच नाही. दोन वर्षांत पुढाकारवाल्यांचा नफा तिसऱ्या गटापेक्षा 30 टक्क्यांनी वाढला, हिशोबवाल्यांचा 11 च्या आसपास, तो पण ठामपणे सांगता येण्यासारखा नाही म्हणे. पोरगी खूश, "बघ आई, माइंडसेटच मोठा." मला नाही पटलं. तांब्यानं मोजलंच नसतं तर पुढाकार घेऊन मी काय केलं असतं, आणखी एक टँकर सांगितला असता.

आणि दादांचं तेच झालं. पुढाकार भरपूर. 2018 ला तीन दिवसांचं उद्योजकतेचं शिबिर करून आले, फेटा बांधलेला फोटो स्टेटसला, आणि सहा महिन्यांत नांदेड रोडला फॅमिली रेस्टॉरंट. 14 लाखांचं कर्ज. कारंजं पण होतं. मी म्हटलं होतं, "दादा, आधी महिनाभर संध्याकाळचा गाडा लावून बघू, तिथं थांबून कोण काय खातंय ते तरी कळंल." तर म्हणाले, "गाडा लावायला मी काय भेळवालाय का." भेळवाल्याचं अजून चालूय. दादांचं शटर लागलं.

सबसिडी मिळायली म्हणून कर्ज काढणारा माणूस मला तरी उद्योजक वाटत नाही, कुणाला राग आला तर येऊ दे. मला पण पीएमएफएमई, म्हणजे खाण्याचे पदार्थ करणाऱ्या लहान धंद्यांसाठीची केंद्राची योजना, तिच्यात बसता म्हणून सांगायला आले होते, 35 टक्के सबसिडी होती, 10 लाखांपर्यंत. 30 किलो चटणीला तीन लाखांचं मशीन घेऊन मी त्यात काय दळू? (ज्यांना खरंच मोठ्या ऑर्डरी होत्या त्यांच्यासाठी योजना चांगली होती.)

आता थोडं दादांच्या बाजूनं पण लिहिते, नाहीतर मिस्टर वाचतील आणि घरात वाजेल. लॉकडाऊननं त्यांना मारलं हे खरं आहे. मार्च 2020 ला माझी मेस पण आठवड्याभरात रिकामी झाली, डिपॉझिटं परत देताना कानातलं मोडलं. तिथं कुठला माइंडसेट कामाला आला नाही, कामाला आला तो मिस्टरांचा पगार. 2016 ला सुद्धा 17000 गेले तरी चालेल असं वहीत लिहायची माझी हिंमत होती कारण महिन्याच्या शेवटी घरात पगार येत होता. ज्या बाईच्या घरात तो येत नाही तिला 'रिस्क घे' म्हणून स्टेजवरून सांगणाऱ्याचा मला राग येतो. आणि दुष्काळात पाणी नसणं हा काही माइंडसेटचा प्रश्न नाही, ते कुणी तुम्हाला शिकवायला लागलं तर उठून या. सगळ्याच गोष्टीचा हिशोब काढायची सवय पण वाईट, पोरगी म्हणते आई तू मला फोन केला तरी किती मिनिटं झाली ते बघतीस.

तुमच्या नोकरीत नेमकं कुठं वापरायचं ते मला सांगता येणार नाही, कंपनीतलं मला काय कळतंय. जिथं रोज तेच करता आणि कधीच मोजलं नाही तिथं तांब्या घेऊन बसा एवढंच म्हणते.

दादांचं विचाराल तर आता बरं चाललंय, प्लॉटिंगच्या कामात आहेत. मागच्या महिन्यात नातवाचं जावळ होतं, त्यांचा स्वतःचा फोन आला, 150 धपाटे पाहिजेत, "घरचंच आहे, दराचं बघ काहीतरी." मी म्हटलं दादा, 12 रुपये नग, 1800 होतात, अर्धा इसार आधी. थोडा वेळ गप्प बसले, मग 900 फोनवरच पाठवले. उरलेले 900 अजून यायचेत.