वडील नसलेले घर आणि मुलाचा अभ्यास

प्रश्न : पतीच्या निधनानंतर मी सहावीतील मुलासह स्वतंत्र राहते. घरात वडील नसल्याने तो अभ्यासात मागे पडणारच, असे नातेवाईक म्हणतात. हे खरे आहे का?

उत्तर : एकल पालकांच्या मुलांचे शालेय यश सरासरीने कमी दिसते, हे खरे, परंतु समाजशास्त्रज्ञ सारा मॅक्लानाहन आणि गॅरी सँडेफर यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या अमेरिकेतील अभ्यासानुसार या तफावतीचा जवळजवळ निम्मा भाग घटलेल्या उत्पन्नामुळे होता, आणि उरलेल्यात पालकांना न मिळणारा वेळ व घर बदलल्याने तुटणारे संबंध यांचा वाटा मोठा होता. विधवा मातांच्या मुलांचे नुकसान तर घटस्फोटितांच्या मुलांपेक्षा कमी आढळले. नातेवाइकांचा निष्कर्ष यातून मुळीच निघत नाही. तेव्हा शक्यतो त्याची शाळा बदलू नका, वर्गशिक्षकांना परिस्थितीची कल्पना द्या आणि राज्य शासनाच्या बालसंगोपन योजनेतून दरमहा साहाय्य मिळू शकते का, याची चौकशी जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात अवश्य करा.