नाशिकमधून बारावी, सीईटीला ९६ पर्सेंटाइल, ओपन. पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग संस्थेत कॉम्प्युटर मिळेल का?

ओपनमधून नाही मिळणार. तिथला कॉम्प्युटरचा कटऑफ ९९ च्याही बराच वर बंद होतो. हे राज्याच्या सीईटी सेलच्या कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेऱ्यांच्या, कटऑफ याद्यांवरून सांगतोय. क्लासवाल्यांच्या ‘प्रेडिक्टर’वर विसंबू नका. यादीच्या पीडीएफमध्ये जीओपीईएनएच (GOPENH), जीओपीईएनओ (GOPENO) असे ओपनचे कोड दिसतील. शेवटचा एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, म्हणजे बारावी जिथे झाली तिथलं विद्यापीठ, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठातले, एस म्हणजे राज्यस्तर. तुमची बारावी नाशिकची, म्हणजे पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांसाठी एच बघायचा. पर्सेंटाइलपेक्षा मेरिट नंबर लावून बघा, आणि शेवटच्या राउंडपर्यंत. सीओईपीच हवं असेल तर मेटलर्जी, मॅन्युफॅक्चरिंगचे आकडे तपासा, ते बरेच खाली असतात. फक्त जागा वाढल्या-घटल्या की कटऑफ हलतो, म्हणून फॉर्ममध्ये खाली के. के. वाघसारखी घराजवळची कॉलेजंही भरा.