पिल्लं दिल्यापासून आमची मांजर रात्रंदिवस ओरडते आहे. किती दिवस चालेल, काय करू?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: पिल्लं पाच आठवड्यांची, घरातल्या मोठ्यांनी चारही एकाच दिवशी वाटून टाकली, आज तिसरा दिवस, मनी घरभर ओरडत फिरते आणि ताटलीला तोंड लावत नाही. एक पिल्लू अजून तुमच्याच सोसायटीत आहे. या शेवटच्या गोष्टीकडे नंतर येते, तीच सगळ्यात कामाची आहे.

हाका मारणं साधारण आठवडाभर चालतं, फार तर दोन आठवडे. पण 'होईल आपोआप शांत' म्हणून बसू नका. मी तशीच बसले होते.

आत्ता तिला मांडीवर घ्या आणि पोटाखाली हात घाला. पाच आठवड्यांची पिल्लं थोडंफार खायला लागली तरी पीत असतातच, आणि दूध काही एका दिवसात आटत नाही. आचळं भरलेली, थोडी ताठ लागली तर ठीक, काही दिवसांत उतरतात. पण एखादं गरम, दगडासारखं, लाल-जांभळं असेल, हात लावताच ती चावायला येत असेल, तर तो स्तनदाह, लगेच डॉक्टरकडे न्या. स्वतःच्या मनानं दूध पिळू नका. पिळलं की आणखी तयार होतं. आमच्याकडे आत्याबाईंनी हळदीचा लेप सुचवला होता. तो मांजरानं दोन मिनिटांत चाटून टाकला, वर गादी पिवळी झाली ती वेगळीच. आणि माणसांची तापाची गोळी मुळीच नको, पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

खात नाही हेही हलक्यात घेऊ नका. मांजराच्या पोटात दोन-तीन दिवस काही गेलं नाही की चरबी यकृतात साचायला लागते, गुबगुबीत मांजरांत तर जास्तच. तुमचा तिसरा दिवस आहे, तेव्हा डॉक्टरला उद्यावर ढकलू नका. तोवर बिनमिठाचं उकडलेलं चिकन किंवा मासा कोमट करून बोटानं तिच्या ओठाला लावून बघा. कोमट केलं की वास सुटतो, आणि मांजर वासावरच खाते.

आता माझं. आम्ही इंदूरला, रामबागेत राहतो. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, बघायला सासरची मंडळी उतरणार होती, बारा-तेरा माणसं. म्हणून आदल्या दिवशी मी चिंगीची तीन पिल्लं वाटून मोकळी झाले. सहा आठवड्यांची होती. एक महूला, एक उज्जैनला, एक सुदामानगरात ओळखीच्यांकडे.

मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात ना, चिंगीनं आमच्या एकाच घरात चार फिरवली होती. पहिल्या दिवशी ती त्याच जागा बघत होती: गोदरेजचं कपाट, शिलाई मशीनच्या मागे, गाद्यांची चळत, शेवटी गॅलरीतलं खोकं. आणि मग पुन्हा कपाट. दुसऱ्या दिवशी तिनं पाल मारून आणली. पिल्लं महिन्याची झाली की आई त्यांच्यासाठी शिकार आणायला लागते, तसं तिचं आधीपासून चालू होतंच. पाल खोक्यातल्या गोधडीच्या तुकड्यावर ठेवली आणि घशातल्या घशात तो आवाज काढला, 'म्रर्रू, म्रर्रू'. त्या आवाजावर तिघंही एकमेकांना तुडवत धावायची. ती थांबली. कान आधी खोक्याकडे, मग दाराकडे. पाल तशीच टाकून निघून गेली. चौथ्या दिवशी मी खोकं उचललं तेव्हा त्यात तीन पाली होत्या, एकीला शेपटी नव्हती. मी गॅलरीतच बसून रडले, खोटं कशाला सांगू. शेजारच्या काकींचं दुसरंच चाललेलं, 'रात में बिल्ली रोती है, घर के लिए अच्छा नहीं.'

त्याच संध्याकाळी सुदामानगरातलं पिल्लू परत आणलं. चिंगीनं वास घेतला, फिस्सकन अंगावर गेली, पंजा उगारला. मी समजले, विसरली ही. अर्ध्या तासात पिल्लू पुन्हा पोचवून आले. नंतर डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, त्या लोकांनी त्याला आंघोळ घातली होती का? घातली होती, गुलाबाच्या साबणानं. मांजर पिल्लू ओळखते ते मुख्यतः नाकानं, आणि त्या पिल्लाला तिच्या घरचा वासच उरला नव्हता. एक-दोन रात्री दाराआड ठेवलं असतं तर बहुतेक जमलं असतं. (माणसाचा हात लागला की मांजर पिल्लू टाकते म्हणतात, ते पाळीव मांजराच्या बाबतीत फारसं खरं नाही. माझ्या हातानं तर ती रोज पिल्लं घेऊ द्यायची.)

आठवड्यानं ती गप्प झाली. दहाव्या-अकराव्या दिवशी ओरडणं पुन्हा सुरू. मला वाटलं, आठवण उफाळली. बाहेर शोधू दे एकदाची, म्हणून मागचं दार उघडं ठेवलं. पण ती पिल्लांना शोधत नव्हतीच. पिल्लं तुटली की मांजर आठवड्या-दोन आठवड्यांत माजावर येऊ शकते, कधी कधी पाजत असतानाही येते. माझ्या डोळ्यांसमोर ती फरशीवर लोळत होती, पाठीवर हात ठेवला की मागचा भाग उचलून शेपूट बाजूला घेत होती, आणि मी तिला 'नको गं रडू' म्हणत होते! त्या उघड्या दारानं ती गाभण राहिली, आणि ६३-६४ दिवसांचा हिशेब चोख लागला. मृगाच्या तोंडावर, त्याच खोक्यात, चार.

म्हणून तुमच्या मनीचा आवाज आणि अंगाची ढब बदलते का ते बघा, दारं-खिडक्या सांभाळा, आणि दूध आटलं की नसबंदी करून घ्या. डॉक्टर सहसा पिल्लं तुटल्यावर दोनेक आठवडे थांबायला सांगतात.

त्या चौघांना मी बारा आठवडे ठेवलं आणि एकेक करून दिलं, मध्ये चार-पाच दिवस सोडून. आठ आठवडे ही अगदी खालची मर्यादा. हेलसिंकी विद्यापीठाच्या २०१७ मधल्या अभ्यासात, साडेपाच हजारांहून जास्त मांजरांच्या माहितीत, आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेली मांजरं पुढे जास्त आक्रमक निघाली. घरातल्या मोठ्यांना आईची माया सांगून पटत नसेल तर हे सांगा.

आता सोसायटीतलं पिल्लू. तीनच दिवस झालेत, मनीला दूध असणार. आज तिला डॉक्टरला दाखवून आलात की ते घेऊन या. तिच्या अंथरुणाचा न धुतलेला कपडा सोबत न्या, पिल्लाला त्यानं पुसा, त्यातच गुंडाळून आणा. रात्री त्याला वेगळ्या खोलीत ठेवा, मऊ खाणं, पाणी आणि ऊब देऊन, दाराच्या फटीतून दोघांना वास येईल असं. पिल्लाचा कपडा तिच्या ताटलीखाली घाला, तिचा पिल्लाकडे. सकाळी तुमच्या समोर भेटवा. फिस्कारली तर पुन्हा दाराआड, आणि दोन दिवस तरी असंच करत राहा. घरचे कुरकुरले तर सांगा, सात आठवड्यांनी त्याच घरी परत द्यायचंय, तोवर फक्त राहायला आलंय.