वाचकांचे प्रश्न : ‘ळ’ ऐकू का येत नाही?

प्रश्न : माझी सून हिंदीभाषक घरातली आहे. ती ‘बाळ’ला ‘बाल’ म्हणते आणि दोन्हींतला फरक आपल्याला ऐकूच येत नाही, असे सांगते. तिच्या कानात दोष असेल का? – एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : दोष मुळीच नाही. ‘ल’ उच्चारताना जिभेचे टोक वरच्या दातांमागील हिरडीला टेकते; ‘ळ’साठी ते मागे वळून टाळूला स्पर्श करते आणि झटक्याने पुढे येते. दोन्ही वेळा हवा जिभेच्या कडांवरून जात असल्याने हे ध्वनी कानाला जवळचे वाटतात. प्रमाण हिंदीत ‘ळ’ने अर्थ बदलत नाही, म्हणून तिचा मेंदू त्याला ‘ल’च समजतो. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या मानसशास्त्रज्ञांनी 1984 मध्ये दाखवले की इंग्रजीभाषक घरांतील 6 ते 8 महिन्यांची बाळे हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ वेगळे ओळखतात, परंतु वर्षाची होईपर्यंत ही क्षमता बरीच ओसरते. मोठेपणीही ती सरावाने वाढवता येते. काल–काळ, वेल–वेळ अशा जोड्या घरातील निरनिराळ्या आवाजांत तिला ऐकवा. मात्र चारचौघांत तिला टोकू नका, ही माझी कळकळीची विनंती.